दोन ओळींमधलं तण

‘तण खाई धन’ ही म्हण मराठी मुलखात कुठंही ऐकू येते. ती जन्मली ज्वारी-कापसाच्या वावरात. फळबागेत मात्र तिचा हिशेब निराळा होतो. संत्र्याची कलमं सहा बाय सहा मीटरवर लावली, तर एका झाडाच्या वाट्याला छत्तीस चौरस मीटर जमीन येते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी झाडाचा घेर दोन मीटरचा धरला, तरी त्याच्या सावलीखाली जेमतेम सव्वातीन चौरस मीटर जागा असते. उरलेली जवळपास तेहतीस चौरस मीटर जमीन कोणाची, हा प्रश्न बगीचा लावणाऱ्या प्रत्येकापुढे मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ दिवसांत उभा राहतो. बियाणं, खत, कलम यांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. या मधल्या पट्ट्याचा इतिहास मात्र कुणी सलगपणे मांडलेला माझ्या वाचनात नाही. त्याचे तुकडे मी काही वर्षं गोळा करतो आहे. ते इथं जोडून पाहतो.

मी पांढरकवड्याचा. हा काही संत्र्याचा मुलूख नव्हे. संत्रं म्हटलं की वरूड-मोर्शी, काटोल-नरखेड ही नावं येतात. केळापूर तालुका हा पऱ्हाटीचा आणि तुरीचा, अलीकडे सोयाबीनचा. १९०५ पर्यंत आमच्या जिल्ह्याचं नाव वणीवरून ‘वून’ असं होतं. तेव्हाही इंग्रजांना या भागात रस होता तो कापसासाठीच. बगीचे आमच्याकडे तुरळक आणि उशिरा आले. तरीही हा विषय पांढरकवड्यातून पाहावासा वाटतो, कारण बगीचा लावणारा इथला माणूस मुळात कापूसवाला आहे, आणि त्याचे डोळेही कापूसवाल्याचेच आहेत.

कापूसवाल्याचे डोळे म्हणजे काय? वखर, डवरा आणि विळा या तीन अवजारांनी घडवलेली नजर. पेरणीआधी वखरणी, पीक उभं असताना ओळींमधून डवरणी, आणि डवऱ्याला न सापडलेल्या तणासाठी बायांच्या हातचं निंदण. उभं-आडवं दोन्ही डवरता यावं म्हणून पऱ्हाटी फुलीवर टोबायची, ही इथल्या शेतकऱ्याची भूमिती. काळंभोर, स्वच्छ, एक काडी नसलेलं वावर ही त्याच्या मेहनतीची जाहिरात. ज्याच्या वावरात गवत, तो आळशी, असा गावाचा निकाल असतो आणि त्यावर अपील नसतं. हाच माणूस जेव्हा संत्र्याची शंभर कलमं लावतो, तेव्हा तो बगीचाही पऱ्हाटीसारखाच डवरू पाहतो.

नागपुरी संत्र्याचा आरंभ परंपरेनं भोसल्यांकडे नेला जातो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुजी भोसल्यांनी औरंगाबादेहून रोपं आणवली, असं सांगतात. २०१४ मध्ये या संत्र्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. नागपूर-अमरावतीकडच्या जुन्या बागांतही दोन ओळींमधली मशागत नांगर-वखरानंच चाले. पहिली काही वर्षं मधल्या पट्ट्यात हरभरा, मूग, उडीद, कधी चक्क पऱ्हाटी घ्यायची. झाडं मोठी झाली की पट्टा उघडा ठेवायचा. त्यामागे एक व्यावहारिक कारणही होतं. बहार धरण्याआधी झाडाला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावं लागतं. नांगरानं वरच्या थरातली मुळं थोडी तुटली की ताण लवकर बसतो, असा समज होता आणि तो अगदी निराधारही नव्हता. पण संत्र्याची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूटभर मातीतच जास्त असतात. दरवर्षी ती तोडायची, आणि त्या जखमांतून फायटोफ्थोरा बुरशीला वाट करून द्यायची. बागायतदार ज्याला डिंक्या म्हणतात, त्या रोगामागे हीच बुरशी आहे. त्याला दोष पाण्याचा दिला जातो, खोडाशी साचणाऱ्या चिखलाचा दिला जातो. वखराच्या पाशीवर सहसा कुणी संशय घेत नाही.

आता थोडं लांब, बिहारातल्या पुसा गावी जाऊ. झाडाखालच्या गवताचा हिंदुस्थानातला पहिला मोठा शास्त्रीय खटला तिथं चालला. त्याची सुरुवात मात्र इंग्लंडात झाली होती. १८९४ मध्ये वोबर्न इथं ड्यूक ऑफ बेडफर्ड आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी फळझाडांची प्रयोगशेती सुरू केली. सफरचंदाखाली गवत वाढू दिलं की झाड खुरटतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं दाखवलं. पिकरिंगचा निष्कर्ष असा, की गवताच्या मुळांतून काही विषारी द्रव्य झिरपतं आणि ते झाडाला मारतं. पुशाच्या शासकीय शेती संशोधन संस्थेत काम करणाऱ्या आल्बर्ट हॉवर्ड यांना हे पटलं नाही. त्यांनी तिथल्या फळझाडांवर स्वतःचे प्रयोग मांडले. काही झाडांखालची जमीन स्वच्छ ठेवली, काहींखाली गवत वाढू दिलं. काही ठिकाणी गवत ठेवलं, पण जमिनीत हवा खेळावी म्हणून झाडांच्या मध्ये चर खणले. मग पाण्याच्या बारीक धारेनं माती धुऊन मुळं उघडी केली, आणि कोणत्या ऋतूत झाडाचं कोणतं मूळ कामाला लागलेलं असतं हे पाहिलं.

गवताखालची झाडं पुशालाही खंगली. पण जिथं हवेचे चर होते, तिथं इजा कमी झाली. विषच कारण असतं, तर चर खणून ते कमी का व्हावं? गवताखालच्या मातीतल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण उघड्या मातीपेक्षा कितीतरी अधिक निघालं. हॉवर्ड यांचं म्हणणं असं, की गवत झाडाच्या मुळांचा श्वास कोंडतं. १९२५ मध्ये हे काम लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आलं. पुढं १९३४ च्या भूकंपात पुशाची इमारत उद्ध्वस्त झाली आणि संस्था दिल्लीला गेली. तोवर हॉवर्ड इंदूरला जाऊन काडीकचऱ्यापासून कंपोस्ट करण्याच्या पद्धतीमुळे जगप्रसिद्ध झाले होते.

सेंद्रिय शेतीचे आद्य पुरुष म्हणून आज ज्यांचं नाव घेतलं जातं, त्यांनी फळझाडाखालच्या गवताविरुद्ध साक्ष दिली, ही गोष्ट त्यांचे भक्त फारशी सांगत नाहीत. पण साक्ष नीट वाचली पाहिजे. ती होती बारमाही गवताच्या दाट गालिच्याविरुद्ध. पावसाळ्यापुरतं पेरून नंतर कापलेल्या पिकाविरुद्ध ती नव्हती. हिरवळीच्या खताचे तर हॉवर्ड पुरस्कर्ते होते. संयुक्त प्रांतात शहाजहानपूरला जॉर्ज क्लार्क यांनी उसाआधी बोरू पेरून तो वेळेवर जमिनीत गाडण्याचे जे प्रयोग केले, त्यांचं त्यांनी आपल्या पुस्तकात मनापासून कौतुक केलं आहे. माझ्या मते पुशाचा निष्कर्ष आमच्या काळ्या जमिनीला दुप्पट लागू होतो. पुशाची माती गंगेच्या गाळाची. आमची चिकण काळी माती पावसाळ्यात फुगते, हवा बाहेर ढकलते, आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं ताणून तोडते. तिच्यावर हरळीचा बारमाही गालिचा म्हणजे संत्र्याला दुहेरी शिक्षा. मुरमाड उताराच्या जमिनीवर मात्र तेच गवत माती धरून ठेवतं, तिथं हिशेब पुन्हा फिरतो.

काळ्या जमिनीतले खरे शत्रू दोन-तीनच, आणि ते सगळे जमिनीखालून वार करणारे. हरळी, लव्हाळा आणि कुंदा. लव्हाळ्याची गाठ राहिली की तो पुन्हा उगवतो. कुंदा डवऱ्यानं कापला तर जोमानं फुटतो. त्याच्यासाठी उन्हाळ्यात कुदळीनं खोल खणण्याला पर्याय नव्हता. स्वातंत्र्यानंतर असल्या तणाविरुद्ध राष्ट्रीय पातळीवर यंत्रं उतरली. आमचा जिल्हा तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होता. याच प्रदेशाच्या उत्तरेकडच्या भागात कांस गवतानं प्रचंड जमीन पडीक पाडली होती. ती मोडून काढायला केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी राहिली. १९४९ मध्ये जागतिक बँकेनं भारताला एक कोटी डॉलरचं कर्ज दिलं, ते या कामाच्या यंत्रांसाठी. एका गवतासाठी देशानं परदेशी कर्ज काढलं, हे आज खरं वाटत नाही. वणी-केळापूरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला अर्थात त्यातलं काही आलं नाही. त्याच्याकडे कुदळच होती.

मग गाजर गवत आलं. आर. एस. राव यांनी १९५६ मध्ये पुण्याहून त्याची शास्त्रीय नोंद केली. अमेरिकेच्या पीएल-४८० योजनेतल्या गव्हाबरोबर ते आलं आणि म्हणून त्याला काँग्रेस गवत म्हणतात, अशी गोष्ट सर्वतोमुखी आहे. पण त्या योजनेखालचा भारताचा करार ऑगस्ट १९५६ चा. पुण्यात ही वनस्पती त्याआधीच दिसली होती. तेव्हा पहिल्या प्रवेशाचं श्रेय त्या गव्हाला देता येत नाही. पुढच्या फैलावाला त्याचा हातभार लागला असेल, ही निराळी गोष्ट. यवतमाळच्या पडीक धुऱ्यांवर, रस्त्यांच्या कडेला आणि नव्या बगीच्यांच्या मोकळ्या पट्ट्यांत हे गवत पसरलं. त्याला आवर घालायला १९८० च्या दशकात मेक्सिकोतून भुंगे आणून बंगळूरला सोडण्यात आले. धारवाडकडे तरोट्याच्या कुळातल्या झुडपांनी गाजर गवत दाबता येतं, हे अभ्यासून दाखवलं गेलं. तरोटा आमच्याकडे पावसाळ्यात घरोघरी भाजीला असतो. कोलाम आणि गोंड पोडांवर तर तो आठवड्यातून अनेकदा शिजतो. ज्याला आज आच्छादन पीक म्हणतात, ते काम हे आपोआप उगवणारं, खाण्याजोगं तण कुणी न सांगता करत होतं. माठ, घोळ, चिवळ, केना, पाथरी हीसुद्धा निंदणाऱ्या बायांच्या ओच्यातून घरी जाणारी तणंच. ‘तण खाई धन’ म्हणणाऱ्यानं हा जमेचा रकाना भरलेला नाही.

पांढरकवड्यासारख्या कोरडवाहू भागात बगीचे खऱ्या अर्थानं आले ते १९९० नंतर. महाराष्ट्र शासनानं रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना सुरू केली. खड्डे, कलमं आणि मजुरी यांचा खर्च मिळू लागला, आणि पऱ्हाटीवाल्यांनी धुऱ्याकडच्या हलक्या जमिनीत सीताफळ, आंबा, जरा पाणी असेल तिथं मोसंबी-संत्रं लावलं. कलमं लावली गेली. दोन ओळींमधल्या जागेचं काय करायचं, हे मात्र ज्याचं त्यानं ठरवायचं होतं. त्याच सुमारास वावरातलं निंदण महाग आणि दुर्मिळ होऊ लागलं. ऐन जुलै-ऑगस्टात पऱ्हाटीला, सोयाबीनला आणि बगीच्याला बाया एकदमच लागतात. बगीच्याचा नंबर शेवटचा लागतो, आणि तोवर गवत कमरेला आलेलं असतं.

या पोकळीत तणनाशक शिरलं. टू-फोर-डी हे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं रसायन भारतात चाळीसच्या दशकातच येऊन पोचलं होतं, पण कापसाच्या मुलखात ते शापच ठरलं. पऱ्हाटीला त्याचा वास जरी लागला, तरी पानं भेंडीच्या पानासारखी फाटतात. एकदा त्याची फवारणी केलेला पंप नीट न धुता पऱ्हाटीत नेला, की नुकसान ठरलेलं. ग्लायफोसेटची गोष्ट वेगळी. मॉन्सँटो कंपनीत जॉन फ्रान्झ यांनी १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण ओळखला आणि १९७४ मध्ये ते ‘राउंडअप’ नावानं बाजारात आलं. पानावर पडलं की ते आत शिरून मुळांपर्यंत उतरतं. ज्या हरळीपुढे, लव्हाळ्यापुढे, कुंद्यापुढे कुदळ थकली, तिथं ते चाललं. शेतकऱ्याला ते जादू वाटलं यात नवल नाही. मातीला मात्र ते लगेच चिकटून निकामी होतं, म्हणून गढूळ पाण्यात कालवलं तर गुण देत नाही, हे आमच्याकडे पुष्कळांना नाल्याचं पाणी वापरून कळलं. कोवळ्या कलमाच्या हिरव्या सालीवर उडालं तर तेही मरतं. म्हणून नोझलला टोपण लावायचं आणि वारा पडल्यावर फवारायचं, एवढी शिस्त लागते.

नागपूरला १९८० च्या दशकात उभ्या राहिलेल्या लिंबूवर्गीय फळांच्या राष्ट्रीय संशोधन केंद्रानं संत्र्याच्या बागांत तणनियंत्रणाचे प्रयोग केले. पावसाळ्याच्या तोंडावर तण उगवण्याआधी डायुरॉन आणि उगवून आलेल्या तणावर ग्लायफोसेट, हा सल्ला बागायतदारांपर्यंत पोचला. त्यामागचा विचार चुकीचा नव्हता. वखर थांबला तर मुळं वाचतात. पण कायद्याची बाजू विचित्र होती. कीटकनाशक कायद्याखाली भारतात ग्लायफोसेटला परवानगी होती ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. यवतमाळ जिल्ह्यात चहाचा मळा नाही, तरी प्रत्येक कृषी केंद्राच्या फळीवर ते दिसत होतं. तणनाशक सोसणारा बेकायदेशीर कापूस आमच्या भागात शिरल्यावर तर ते उघडउघड पिकात फवारलं जाऊ लागलं. त्या बियाण्याची परवानगी मागण्यासाठी जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेनं अकोट तालुक्यातल्या अकोली जहागीरला ते जाहीरपणे पेरलं होतं. तो वाद मोठा आहे आणि या लेखाचा विषय नाही.

२०१७ चा पावसाळा मात्र टाळता येत नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यांत भरती झाले. ती विषं प्रामुख्यानं कापसावरची कीटकनाशकं होती, तणनाशकं नव्हती. हा फरक इतिहासात नोंदला पाहिजे. पण पंप तोच होता, फवारणारा माणूसही तोच होता. उघडं तोंड आणि अनवाणी पायही तेच. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक बाटलीकडे लोक निराळ्या नजरेनं पाहू लागले. ग्लायफोसेटला २०१५ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं होतं. मे २०२० मध्ये केंद्रानं सत्तावीस रसायनांवर बंदीचा मसुदा काढला. त्यात डायुरॉन आणि टू-फोर-डी होतं, ग्लायफोसेट नव्हतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच्यासाठी वेगळी अधिसूचना निघाली, की ते केवळ परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरावं. आमच्या खेड्यात असा व्यावसायिक कुठून आणायचा, हे अधिसूचनेत नव्हतं.

दुसरी वाट आच्छादन पिकाची. बोरू, ढैंचा किंवा चवळी मधल्या पट्ट्यात दाट पेरायची. ती तणाच्या डोक्यावर सावली धरते. फुलावर येताच, चाळीस-पन्नास दिवसांत, कापून तिथंच पसरायची. उशीर झाला तर बोरूचा वाख बनतो आणि तो लवकर कुजत नाही. जपानमध्ये शिकोकू बेटावर मासानोबू फुकुओकांनी संत्र्याखाली पांढऱ्या क्लोव्हरचा गालिचा राखला, ते वाचून आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी प्रयत्न केले. पण क्लोव्हर थंड हवेचं. इथं त्याची जागा बोरूलाच घ्यावी लागते, आणि बोरूला बहाराशी जुळवून घ्यावं लागतं. आंबिया बहार धरणाऱ्याला तो सोयीचा. जूनमध्ये पेरला, ऑगस्टात कापला, डिसेंबरच्या ताणाच्या वेळी जमीन मोकळी. मृग बहारवाल्याला तो अडचणीचा, कारण फुलं धरण्याच्या ऐन वेळी तोही अन्नपाणी ओढत असतो. खोडाभोवतीचं आळं तर दोन्ही बहारांत मोकळंच हवं, नाहीतर ओल धरून डिंक्या वाढतो.

शिवाय काही अडचणी कोणत्याही शिफारसपत्रात नसतात. पोळ्यानंतर मोकाट जनावरं हिरव्या पट्ट्यात शिरतात. मार्चमध्ये शेजाऱ्यानं धुरा जाळला की वाळलेल्या आच्छादनावरून आग थेट झाडांपर्यंत धावते. दाट गवतात साप. आणि आमच्या पांढरकवडा वनविभागात २०१८ साली अवनी वाघिणीच्या दहशतीचे जे महिने गेले, त्यात लोक वावरात जथ्यानं जात आणि उजेड असतानाच परतत. तेव्हा कमरेइतकं हिरवं ठेवा असा सल्ला देणाऱ्याला कुणी घरात घेतलं नसतं.

या दोन वाटांमध्ये एक तिसरी महाराष्ट्रातच निघाली, आणि मला ती सर्वांत विचार करायला लावणारी वाटते. कोल्हापूरच्या प्रतापराव चिपळूणकरांनी नांगरणी सोडली. तण वाढू द्यायचं, मग तणनाशकानं जागेवर मारायचं आणि त्याची मुळं जमिनीतच कुजू द्यायची, अशी पद्धत त्यांनी मांडली आणि जुनी म्हण उलटी करून ‘तण देई धन’ म्हटलं. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा तंत्रही मशागत न करता, तणनाशकाचा आधार घेत, मुळं जमिनीत राखतं. पुढं ते विदर्भातल्या कापूस-सोयाबीनवाल्यांपर्यंत पोचलं. सेंद्रियवाल्यांना यातली बाटली खुपते आणि रसायनवाल्यांना तण राखणं खुपतं. पण पुशाच्या चरांची आठवण ठेवली तर हे तर्काला धरून आहे. मेलेलं मूळ कुजलं की त्याच्या जागी बारीक नळी उरते, आणि तिच्यातून हवा-पाणी खाली जातं. हॉवर्डना जे चर खणावे लागले, ते इथं तणाची मुळंच करून देतात. माझा आक्षेप एवढाच, की हे जिथं नावारूपाला आलं तिथं शेतकरी स्वतः जाणकार होता, प्रमाण मोजून घेत होता. आमच्याकडे प्रमाण ठरवतं बाटलीचं झाकण.

आणि या सगळ्या वादात जिचं नाव येत नाही, ती निंदणारी बाई. दहा-बारा बायांचं दिवसभराचं काम एक माणूस पंपानं अर्ध्या दिवसात करतो, असा आमच्याकडचा साधारण हिशेब. डवरा, नांगर, पंप हे पुरुषांच्या हातातले. विळा तेवढा बाईचा. तणनाशकानं मालकाचा जो खर्च वाचवला, तो बहुतांशी तिच्या मजुरीतून वाचवला, आणि तरोटा-घोळही त्याच फवाऱ्यात गेले. आता दोन-तीन वर्षांपासून पांढरकवड्याच्या आसपासच्या काही बगीच्यांत गवत कापायचं यंत्र आलं आहे. तो पेट्रोलवरचा ब्रशकटर खांद्याला अडकवून चालवायचा. गवत मुळासकट न उपटता वीतभर राखून कापतात, कापलेलं झाडाच्या घेऱ्यात पसरतात, आणि पावसाळ्यात तीन-चार वेळा हे पुन्हा करतात. यंत्र पुरुष चालवतो, त्याला दिवसाचा वेगळा भाव आणि वर पेट्रोल. मागून कापलेलं गवत गोळा करून खोडापासून हातभर अंतर सोडून पसरायला चार बाया असतात. या कामाला अजून नाव पडलेलं नाही. मजुरी मात्र निंदणाच्याच दरानं देतात.